अ‍ॅक्शनस्क्रिप्टमध्ये स्टेजच्या बॅकग्राउंडचा रंग रनटाइमला कसा वाचायचा

फ्लॅश मूव्हीचा स्टेज, म्हणजे जिच्यावर सगळं दिसतं ती चौकट, गडद निळा आहे आणि तुमचा अ‍ॅक्शनस्क्रिप्टचा (फ्लॅशच्या भाषेतला) कोड त्यावर काळ्या अक्षरांत स्कोअर लिहितोय. कोणाला काही दिसत नाही. किंवा खेळाचा फोटो काढून पीएनजी म्हणून जतन करायची सोय तुम्ही दिली आहे आणि प्रत्येक फोटोची पार्श्वभूमी पांढरीफटक येतेय. किंवा एका मोठ्या मूव्हीत दुसऱ्यांनी बनवलेल्या छोट्या मूव्ही लोड करायच्या आहेत आणि प्रत्येकीचा मूळ रंग तिच्या मागे दिसायला हवा. या तिन्ही वेळी एकच प्रश्न उभा राहतो: फाइल चालू असताना स्टेजचा रंग कोडला कळणार कसा?

फ्लॅश प्लेअरचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने मजकूर चालवणंही बंद केलं. तरीही हा प्रश्न संपलेला नाही. एअर, म्हणजे हाच कोड ब्राउझरशिवाय अ‍ॅप म्हणून चालवण्याची सोय, २०१९ पासून हारमन या कंपनीकडे आहे आणि त्यावर अ‍ॅप्स बनतात. जुने खेळ आणि जुने अभ्यासक्रम नव्या रूपात आणणारे लोक आजही हा कोड उघडून बसतात. त्यांना मूळ लेखकाने निवडलेला रंग हवा असतो, आणि बहुतेक वेळा मूळ कामाची फाइल हरवलेली असते, हाती उरते ती फक्त तयार एसडब्ल्यूएफ, म्हणजे पब्लिश केल्यावर प्लेअर चालवतो ती फाइल.

या लेखात कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच मूळ स्पेलिंगप्रमाणे लिहा. उदाहरणासाठी एकच रंग सगळीकडे वापरतो: हेक्समध्ये ००३३६६, गडद निळा. लाल शून्य, हिरवा ५१, निळा १०२.

आधी ठरवा: कुठला रंग?

हे न ठरवता कोड लिहायला घेतला की पुढचा अर्धा दिवस गोंधळात जातो, म्हणून यावर थोडा वेळ घालवू या. "स्टेजचा रंग" म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो.

पहिला रंग फाइलमध्ये लिहिलेला. फ्लॅशमध्ये डॉक्युमेंटच्या प्रॉपर्टीत जो रंग निवडला तो पब्लिश करताना एसडब्ल्यूएफच्या आत एका छोट्या टॅगमध्ये जातो आणि तिथेच राहतो. दुसरा रंग प्लेअर या क्षणी रंगवत असलेला. कोडने तो मध्येच बदललेला असू शकतो. तिसरा रंग बघणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणारा. वेबपेजवर एम्बेड करताना कोणी बीजीकलर (पार्श्वभूमीचा रंग) दिला असेल, किंवा डब्ल्यूमोड (मूव्ही पेजवर कशी काढायची ती सेटिंग) ट्रान्स्परंट ठेवला असेल, तर दिसणारा रंग वरच्या दोन्हींपेक्षा वेगळा असतो.

जुनं काम जपणाऱ्याला पहिला रंग हवा असतो. अक्षरांचा रंग ठरवणाऱ्याला दुसरा हवा. पेजशी जुळवून घेणाऱ्याला तिसरा. तिघांचे मार्ग वेगळे आहेत.

आणि चौथी शक्यता: रंग तुम्हीच ठरवलेला आहे, फाइलही तुमचीच आहे. मग प्लेअरला विचारत बसू नका. कोडमध्ये एक कॉन्स्टंट ठेवा, त्याच रंगाचा स्टेजभर आयत काढून सगळ्यात खाली, शून्य क्रमांकावर ठेवा, आणि सगळीकडे तो कॉन्स्टंट वापरा. हा मार्ग कुठल्याही आवृत्तीत चालतो, फोटो काढताना तो आयत आपोआप फोटोत येतो, आणि पेजवर कोणी काहीही सेटिंग केलं तरी तो आयत तसाच राहतो. स्टेजचा आकार बदलू शकत असेल तर रिसाइझच्या इव्हेंटला तो पुन्हा काढावा लागतो, एवढीच जास्तीची मेहनत. नव्या कामात मी हाच मार्ग सुचवेन. बाकी सगळं आहे ते दुसऱ्याच्या किंवा जुन्या फाइलींसाठी.

सरळ मार्ग: स्टेज.कलर

ऑक्टोबर २०११ मध्ये फ्लॅश प्लेअर ११ आला आणि त्यासोबत स्टेजला कलर नावाची प्रॉपर्टी मिळाली. ती वाचताही येते आणि बदलताही येते. तोपर्यंत अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये स्टेजची रुंदी, उंची, फ्रेमरेट, अलाइनमेंट, सगळं वाचता यायचं. रंग तेवढा नाही.

सुरुवात स्टेज हातात आहे ना, इथून करा. डिस्प्ले ऑब्जेक्ट (पडद्यावर दाखवायची वस्तू) डिस्प्ले लिस्टमध्ये, म्हणजे अशा वस्तूंच्या यादीत, जोडला जाईपर्यंत त्याची स्टेज प्रॉपर्टी नल असते. कन्स्ट्रक्टरमध्येच स्टेज.कलर विचारलं की एरर १००९ येतो. मुख्य डॉक्युमेंट क्लासमध्ये हे एकट्याने चालवताना जाणवत नाही, कारण तिथे कन्स्ट्रक्टरमध्येच स्टेज मिळतो. तीच फाइल उद्या दुसऱ्या मूव्हीने लोड केली की मोडते. म्हणून सवय अशी ठेवा: कन्स्ट्रक्टरमध्ये स्टेज आहे का ते तपासा, असेल तर सुरुवातीचं फंक्शन लगेच बोलवा, नसेल तर अ‍ॅडेड टू स्टेज या इव्हेंटला लिसनर लावा, आणि तो चालून आला की आधी लिसनर काढून मग काम करा.

मग प्रॉपर्टी खरंच आहे का ते बघा. यासाठी अ‍ॅक्शनस्क्रिप्टमधला "इन" हा ऑपरेटर वापरायचा: अवतरणचिन्हांत कलर, मग इन, मग स्टेज. उत्तर ट्रू आलं तरच पुढे जा. कॅपेबिलिटीज.व्हर्जनमधून प्लेअरचा क्रमांक काढून, स्वल्पविरामांवर तोडून, आकडा ११ पेक्षा मोठा आहे का बघणारे कोड जुन्या फाइलींत बरेच सापडतात. त्यापेक्षा "इन" भरवशाचा आहे. फाइलवर जुन्या एसडब्ल्यूएफ आवृत्तीचा शिक्का असेल तर प्लेअर नवा आहे म्हणून नव्या प्रॉपर्टी तिला मिळतीलच असं धरून चालू नये.

कंपाइल करतानाची एक अडचण इथेच येते. जुन्या प्लेअरग्लोबल लायब्ररीसमोर (प्लेअरमध्ये कुठले क्लास आणि प्रॉपर्टी आहेत हे कंपायलरला सांगणारी फाइल) कंपाइल करत असाल तर स्टेज.कलर लिहिल्यावर एरर १११९ येतो: या टाइपमध्ये अशी प्रॉपर्टी दिसत नाही, असं कंपायलर सांगतो. टार्गेट फ्लॅश प्लेअर ११ आणि एसडब्ल्यूएफ आवृत्ती १३ करा. तसं करणं शक्य नसेल तर चौकोनी कंसाची पद्धत आहे, म्हणजे स्टेजपुढे चौकोनी कंस आणि त्यात अवतरणचिन्हांत कलर. कंपायलर गप्प बसतो आणि शोध रनटाइमला होतो. पण मग "इन"ची तपासणी सक्तीची, कारण प्रॉपर्टी नसेल तर एरर १०६९ येऊन फंक्शन तिथेच थांबेल.

आता वाचा. हाती येतो तो यूइंट, म्हणजे ऋण नसलेला पूर्णांक. आपल्या गडद निळ्यासाठी ट्रेसमध्ये १३१५८ दिसेल, कारण ५१ गुणिले २५६ अधिक १०२ म्हणजे १३१५८. आकडा चुकलाय असं वाटून अनेक जण इथे थांबतात. तो बरोबर आहे, फक्त दशमानात आहे.

वाचलेल्या किमतीला लगेच सहा एफच्या हेक्स मास्कने अँड करा, म्हणजे खालचे २४ बिट उरतील आणि वरच्या आठ बिटांत काही असलं तर ते गळून जाईल. एका ओळीचं काम आहे आणि पुढची सगळी गणितं निर्धास्त होतात. मग घटक वेगळे करणं सोपं: लाल हवा तर १६ बिट उजवीकडे सरकवा, हिरवा हवा तर आठ, निळा हवा तर सरकवू नका, तिन्ही वेळी शेवटी २५५ ने अँड करा.

रंग मजकुराच्या रूपात हवा असेल, उदाहरणार्थ पेजला पाठवायला, तर टूस्ट्रिंगला १६ द्या. आणि इथे काळजी घ्या: उत्तर "३३६६" येईल, सुरुवातीची दोन शून्यं गायब. चार आकड्यांचा हा रंग सीएसएसला दिला तर तो वेगळाच रंग समजेल किंवा ओळ सोडून देईल. मजकुराची लांबी सहा होईपर्यंत डावीकडे शून्य जोडणारा छोटा व्हाइल लूप लिहा. पांढरा, लाल, पिवळा अशा रंगांवर चाचणी घेतली तर ही चूक कधीच सापडत नाही, कारण त्यांची सुरुवात एफने होते. चाचणी निळ्यावर किंवा हिरव्यावर घ्या.

बिटमॅप काढून रंग बघण्याचा मार्ग सोडून द्या

प्रत्येकाला सुचणारी युक्ती अशी: एक बाय एक पिक्सेलचा बिटमॅपडेटा बनवायचा, त्यात ड्रॉ करून स्टेज काढायचा आणि गेटपिक्सेलने रंग विचारायचा. उत्तर येतं, म्हणून ती बरोबर वाटते. पण ड्रॉ फक्त डिस्प्ले लिस्टमधल्या वस्तू काढतो. स्टेजचा रंग प्लेअर त्याच्याही मागे स्वतः भरतो. तो कुठल्याही डिस्प्ले ऑब्जेक्टचा भाग नाही.

मग उत्तर कुठून आलं? बिटमॅपडेटा बनवताना भरायचा रंग दिला नाही तर तो पूर्ण अपारदर्शक पांढरा धरला जातो. तुम्ही वाचलात तो हा पांढरा. ज्याचा स्टेज मुळातच पांढरा आहे त्याची चाचणी पास होते आणि चूक महिनोन्‌महिने आत राहते. खात्री करायची असेल तर बिटमॅपडेटा पारदर्शक ठेवून भरायचा रंग शून्य द्या आणि गेटपिक्सेल३२ ने वाचा. जिथे कुठलीही वस्तू नाही तिथे अल्फासकट शून्य मिळेल.

फोटो पांढरे येण्याचं कारणही हेच. त्यावरचा उपाय उलट्या दिशेने आहे: आधी स्टेजचा रंग मिळवा, त्याला हेक्स एफएफ०००००० ने ऑर करून अल्फा पूर्ण करा, तो रंग भरूनच बिटमॅपडेटा बनवा आणि मग त्यावर स्टेज ड्रॉ करा. आता फोटो पडद्यासारखा दिसेल.

याच जातीची आणखी एक फसवी जागा टेक्स्टफील्डमध्ये आहे. त्याची बॅकग्राउंडकलर ही प्रॉपर्टी नेहमी काहीतरी सांगते, काहीच सेट केलं नसेल तर पांढरा. पण त्याची बॅकग्राउंड ही प्रॉपर्टी ट्रू नसेल तर तो रंग काढलाच जात नाही. दोन्ही वाचल्याशिवाय त्या रंगावर निर्णय घेऊ नका. डिस्प्ले ऑब्जेक्टच्या ओपेकबॅकग्राउंडचं थोडं वेगळं: तिथे रंग नसेल तर नल असतं, त्यामुळे आधी नल तपासायचं. काळा म्हणजे शून्य, आणि इफमध्ये शून्य फॉल्स ठरतो, म्हणून तुलना नलशीच करा.

फाइलच्या बाइट्समधून रंग काढणं

फ्लॅश प्लेअर ९ आणि १० साठी, आणि लेखकाने मुळात कुठला रंग लिहिला होता हे हवं असेल तर कुठल्याही प्लेअरसाठी, हा खरा मार्ग. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये लोडरइन्फो.बाइट्स ही प्रॉपर्टी आहे. ती चालू असलेल्या फाइलचे बाइट्स बाइटअ‍ॅरे म्हणून देते. एसडब्ल्यूएफची रचना अडोबीने जाहीर केलेली आहे, त्यामुळे रंग कुठे बसतो ते नेमकं माहीत आहे.

रचना डोळ्यांसमोर आणण्यासाठी एक खरी सुरुवात बघू. स्टेज ५५० बाय ४००, म्हणजे फ्लॅशचा नेहमीचा आकार, २४ फ्रेम प्रतिसेकंद, एकच फ्रेम, अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३.

पहिले तीन बाइट सही: एफडब्ल्यूएस असेल तर फाइल न दाबलेली, सीडब्ल्यूएस असेल तर झेडलिबने दाबलेली, झेडडब्ल्यूएस असेल तर एलझेडएमएने. चौथा बाइट आवृत्ती. पुढचे चार बाइट पूर्ण लांबी, धाकटा बाइट आधी. हे आठ बाइट कधीच दाबलेले नसतात. दाबलेलं असतं ते यानंतरचं.

नवव्या बाइटपासून स्टेजचा आयत, आणि याची लांबी ठरलेली नसते. आपल्या फाइलमध्ये तो असा दिसतो:

७८ ०० ०५ ५एफ ०० ०० ०एफ ए० ००

पहिल्या बाइटचे वरचे पाच बिट सांगतात की पुढचा प्रत्येक आकडा किती बिटांचा आहे. हेक्स ७८ चे वरचे पाच बिट ०११११, म्हणजे १५. त्यानंतर १५-१५ बिटांचे चार आकडे: डावी कड, उजवी कड, वरची कड, खालची कड. एकक ट्विप, एका पिक्सेलचे २० ट्विप. उजवी कड ११०००, खालची ८०००. वीसने भागा, ५५० आणि ४०० मिळतात. आपल्याला हे आकडे नकोत, आयत किती बाइटांचा ते हवं. पाच अधिक चार गुणिले १५ म्हणजे ६५ बिट. आठने भागून वरचा पूर्णांक घेतला की नऊ बाइट.

आयतानंतर दोन बाइट फ्रेमरेट (०० १८), दोन बाइट फ्रेमची संख्या (०१ ००). आठ अधिक नऊ अधिक चार, म्हणजे २१ या पोझिशनपासून टॅग सुरू:

४४ ११ ०८ ०० ०० ०० ४३ ०२ ०० ३३ ६६

प्रत्येक टॅगचे पहिले दोन बाइट मिळून १६ बिटांचा आकडा होतो, धाकटा बाइट आधी. त्याचे वरचे दहा बिट टॅगचा क्रमांक आणि खालचे सहा बिट लांबी. ४४ ११ म्हणजे हेक्स ११४४: क्रमांक ६९, लांबी ४. हा फाइलअ‍ॅट्रिब्यूट्सचा टॅग. आठव्या आवृत्तीपासून तो पहिलाच असावा लागतो. त्याचे चार बाइट ओलांडले की ४३ ०२, म्हणजे हेक्स ०२४३, दशमानात ५७९. चौसष्टने भागा: भागाकार ९, बाकी ३. क्रमांक ९ हाच सेटबॅकग्राउंडकलर, आणि तीन बाइट म्हणजे लाल, हिरवा, निळा. ०० ३३ ६६. आपला गडद निळा.

आता हेच कोडमध्ये उतरवू.

बाइट्स पूर्ण आलेत याची खात्री करून घ्या. लोडरइन्फोचे बाइट्सलोडेड आणि बाइट्सटोटल सारखे असतील तर लगेच पुढे जा, नाहीतर कम्प्लीटच्या इव्हेंटची वाट बघा. मग एक नवा बाइटअ‍ॅरे बनवून त्यात सगळे बाइट उतरवून घ्या आणि त्या प्रतीवर काम करा, म्हणजे पोझिशन आणि एंडियन (बाइट कुठल्या क्रमाने वाचायचे ती सेटिंग) बदलल्याचा इतर कोडला त्रास होणार नाही.

एंडियन लिटल करा. हे विसरण्यासारखं आहे आणि विसरलं तर काहीच जुळत नाही, कारण बाइटअ‍ॅरे आपण सांगेपर्यंत थोरला बाइट आधी वाचतो. ४३ ०२ चा ५७९ व्हायच्या ऐवजी १७१५४ होतो, आणि त्यातून निघणारा टॅग क्रमांक असतो २६८. असे अवाढव्य क्रमांक ट्रेसमध्ये दिसले की आधी एंडियन तपासा.

पहिला बाइट वाचा. एफचा कोड ७०. तो असेल तर पोझिशन आठवर न्या. सीचा कोड ६७. तो असेल तर आठव्या पोझिशनपासूनचे सगळे बाइट आणखी एका बाइटअ‍ॅरेत घ्या, त्यावर अनकम्प्रेस बोलवा, त्याचंही एंडियन लिटल करा. यात आयत शून्यापासून सुरू होतो. यूआरएललोडरने किंवा एअरच्या फाइलस्ट्रीमने फाइल कच्ची वाचत असाल तर हा सीचा प्रसंग नक्की येणार. झेडचा कोड ९०. मुख्य फाइल झेडची असेल तर बाइट्सच्या वाटेला जाऊच नका: एलझेडएमए एसडब्ल्यूएफच्या तेराव्या आवृत्तीपासून आहे, तेरावी आवृत्ती म्हणजे फ्लॅश प्लेअर ११, आणि तिथे स्टेज.कलर आहे.

पुढे आयत. एक बाइट वाचा, तीन बिट उजवीकडे सरकवा, मिळालेल्या आकड्याच्या चौपटीत पाच मिळवा, आठने भागा, मॅथ.सील लावा. इतके बाइट आणि फ्रेमचे चार ओलांडायचे आहेत. फक्त एक बाइट आपण आधीच वाचलाय, तो वजा करायला विसरू नका. एका बाइटने जरी घसरलात तरी पुढचे सगळे टॅग खोटे निघतात.

मग लूप. रीडअनसाइन्डशॉर्टने दोन बाइट वाचा. सहा बिट उजवीकडे सरकवून क्रमांक, ६३ ने अँड करून लांबी. लांबी ६३ आली तर ती खरी लांबी नसते. खरी लांबी पुढच्या चार बाइटांत, रीडअनसाइन्डइंटने घ्यायची. मेटाडेटाचा ७७ क्रमांकाचा टॅग लांबलचक असतो आणि तो ७एफ १३ असा सुरू होताना दिसेल, म्हणजे ही पायरी प्रत्यक्षात लागतेच. क्रमांक ९ असेल तर तीन बाइट वाचा: पहिला १६ बिट डावीकडे, दुसरा आठ बिट डावीकडे, तिसरा तसाच, तिघांना ऑर करा, परत द्या. क्रमांक शून्य, म्हणजे फाइलचा शेवट, किंवा क्रमांक १, म्हणजे पहिली फ्रेम दाखवण्याचा टॅग आला तर शोध थांबवा आणि पांढरा परत द्या. बाकी कुठलाही क्रमांक असेल तर पोझिशनमध्ये लांबी मिळवून पुढे.

लूपची अट बाइट्सअव्हेलेबल किमान दोन आहेत अशी ठेवा आणि सगळं ट्रायमध्ये घाला. अर्धवट किंवा बिघडलेल्या फाइलवर वाचन शेवटापलीकडे गेलं तर एरर २०३० येतो. तो पकडून पांढरा परत द्या, पण ट्रेसमध्ये नोंद करा, नाहीतर पांढरा खरा की नाइलाजाने आलेला हे कळणार नाही.

काही जण टॅगच्या फंदात न पडता ४३ ०२ हे दोन बाइट थेट शोधतात आणि पुढचे तीन घेतात. छोट्या फाइलींवर चालतं. मेटाडेटात किंवा दुसऱ्या कुठल्या टॅगच्या पोटात तीच जोडी आधी आली की रंग भलताच. टॅग मोजत जाणारा कोड जेमतेम तीस ओळींचा होतो; तेवढा लिहा.

लोड केलेल्या मूव्हीचा रंग

बाइट्सची ही मेहनत खरी फळाला येते ती इथे. एका मूव्हीत दुसरी लोड केली की स्टेज एकच राहतो आणि रंग राहतो तो मुख्य मूव्हीचा. आतल्या मूव्हीचा सेटबॅकग्राउंडकलर प्लेअर मनावर घेत नाही. काळ्या स्टेजवर पांढऱ्या अक्षरांची बनवलेली मूव्ही पांढऱ्या चौकटीत लोड झाली की रिकामी दिसते. आणि आतल्या मूव्हीतून स्टेज.कलर विचारलं तरी मुख्य मूव्हीचाच रंग मिळणार, कारण स्टेज तोच.

म्हणून लोडरच्या कन्टेन्टलोडरइन्फोवर कम्प्लीटची वाट बघा, तिथल्या बाइट्सवर वरचं फंक्शन चालवा, मिळालेल्या रंगाचा शेप लोडरच्या मागे ठेवा. शेपची रुंदी-उंची कन्टेन्टलोडरइन्फोच्या विड्थ आणि हाइटवरून घ्या. त्या फाइलमध्ये लिहिलेल्या मूळ स्टेजच्या असतात. कन्टेन्टची स्वतःची रुंदी घेतलीत तर कडेबाहेर लपवलेल्या चित्रांमुळे शेप वेडावाकडा मोठा होईल. त्याच मापाचा मास्कही लावा, नाहीतर लेखकाने स्टेजबाहेर ठेवलेल्या वस्तू तुमच्या पडद्यावर डोकावतील.

मूव्ही दुसऱ्या डोमेनवरून आली असेल आणि तिने परवानगी दिलेली नसेल तर तिचे बाइट्स वाचताना सिक्युरिटीएरर येतो. हा अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे आणि कोडने तो ओलांडता येत नाही. फाइली स्वतःच्या सर्व्हरवर आणणं किंवा रंगांची यादी वेगळी ठेवणं, हेच दोन उपाय.

पेजवर दिसणारा रंग

एम्बेड करताना बीजीकलर दिला असेल तर तो फाइलमधल्या रंगाच्या वर बसतो, आणि फाइलच्या बाइट्सना याची काही कल्पना नसते. डब्ल्यूमोड ट्रान्स्परंट असेल तर स्टेजचा रंग काढलाच जात नाही, स्टेज.कलरमध्ये काहीही लिहिलं तरी. मागचं पेज आरपार दिसतं.

हे पेजलाच विचारावं लागतं. एक्सटर्नलइंटरफेस.अव्हेलेबल ट्रू आहे का बघा, ऑब्जेक्टआयडी घ्या, आणि पेजवर एक छोटं जावास्क्रिप्ट फंक्शन ठेवून कॉलने त्याला तो आयडी द्या. त्याने एम्बेड टॅगचे बीजीकलर आणि डब्ल्यूमोड वाचून परत द्यावेत. एम्बेड करताना अलाउस्क्रिप्टअ‍ॅक्सेसने परवानगी दिलेली हवी. पेज तुमच्याच ताब्यात असेल तर याहून सोपं म्हणजे फ्लॅशव्हार्समधून (एम्बेड करताना पेजवरून मूव्हीला द्यायच्या किमती) रंग पाठवणं: लोडरइन्फो.पॅरामीटर्समध्ये तो मजकूर म्हणून मिळतो, पार्सइंटला १६ देऊन आकडा करा.

फ्लेक्स आणि अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २

शुद्ध अ‍ॅक्शनस्क्रिप्टचा प्रोजेक्ट कमांडलाइनवर बनवत असाल तर रंग क्लासवरच्या एसडब्ल्यूएफ मेटाडेटात, बॅकग्राउंडकलर या नावाने लिहितात. तो कंपाइल होताना टॅग ९ मध्ये जातो. फ्लेक्स म्हणजे याच भाषेत अ‍ॅप्स बनवायची चौकट; फ्लेक्स ३ च्या कंपायलरला काहीच सांगितलं नाही तर तो ८६९सीए७ हा करडा निळा घालतो. जुन्या फाइलमध्ये हा आकडा निघाला तर लेखकाने रंग निवडलाच नव्हता असं समजायला हरकत नाही. फ्लेक्सच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये दिसणारा रंग मात्र स्टेजचा नसतो, अ‍ॅप्लिकेशन स्वतःची पार्श्वभूमी रंगवतं. तिथे गेटस्टाइलला बॅकग्राउंडकलर विचारा.

अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ मध्ये बाइटअ‍ॅरे नाही, स्टेज.कलरही नाही. तिथे फ्लॅशव्हार्स किंवा स्वतः काढलेला आयत, एवढंच. ती फाइल अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ च्या मूव्हीत लोड केली तर मात्र बाहेरून तिचे बाइट्स वाचता येतात. टॅग ९ सगळ्या आवृत्त्यांत तोच.

मिळालेल्या रंगावर अक्षरं कुठली?

लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४, तिघांची बेरीज. डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ वाटतो आणि निळा सगळ्यात कमी, म्हणून हे वजन. बेरीज १२८ च्या वर असेल तर काळी अक्षरं, खाली असेल तर पांढरी. आपल्या ००३३६६ ची बेरीज येते साधारण ४२, म्हणजे पांढरी. एफएफसीसी०० या पिवळ्याची १९६, म्हणजे काळी. तिन्ही घटकांची नुसती सरासरी घेऊ नका. शुद्ध निळा आणि शुद्ध हिरवा यांची सरासरी सारखीच येते, आणि एकावर काळं वाचता येत नाही तर दुसऱ्यावर पांढरं.

तपासून बघा

एक रिकामी फाइल घ्या, स्टेज ००३३६६ करा, ५५० बाय ४०० ठेवा, पब्लिश सेटिंगमध्ये कम्प्रेशन बंद करा आणि तयार एसडब्ल्यूएफ कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये उघडा. आयताचे नऊ बाइट आणि पुढे कुठेतरी ४३ ०२ ०० ३३ ६६ डोळ्यांनी शोधा. मेटाडेटा चालू असेल तर मध्ये एक्सएमएलचा मोठा तुकडा दिसेल. आता हीच फाइल तुमच्या फंक्शनला द्या. १३१५८ आलं पाहिजे. मग कम्प्रेशन चालू करून पुन्हा. मग स्टेजचा आकार १०२४ बाय ७६८ करून पुन्हा, कारण तिथे आकडे १६ बिटांचे होतात. पाच अधिक ६४ म्हणजे ६९ बिट, तेही नऊच बाइटांत बसतात. म्हणून त्यानंतर १०० बाय १०० ही करून बघा. २००० ट्विपला चिन्हासकट १२ बिट लागतात, ५३ बिट, सात बाइट. आयताच्या लांबीत नऊ हा आकडा कोणी हाताने लिहून ठेवला असेल तर तो इथे पकडला जाईल.